घरात नर्स असताना

रबाळ्याच्या वस्तीतून पांढरी साडी नेसून ड्युटीला जाणारी पहिली पोरगी कोण, हे तिथं कुणालाही विचारा. संघमित्रा, भगवानची बहीण. 'भगवानची बहीण' हे मागं लागायचंच, कारण भगवाननं लोकांना तशी सवयच लावून ठेवली होती. तो स्वतः आठवी शिकलेला, रबाळ्यातच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. कामाला वाघ. हेल्परचा ऑपरेटर झाला तो कुणाच्या वशिल्यानं नाही, स्वतःच्या हिमतीवर, आणि हे त्यानं ज्याला सांगितलं नाही असा माणूस ठाणे-बेलापूर रोडवर सापडायचा नाही. पण बहिणीचं सांगायला लागला की स्वतःचं ऑपरेटरपण विसरून जायचा.

सांगण्यासारखं होतंच. बाप गंगाराम जालन्याकडून इकडं दगडाच्या खाणीत कामाला आला आणि पोरं मोठी व्हायच्या आत खोकून खोकून गेला. आई बायजाबाईनं महाप्याच्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये भांडी घासून दोन पोरं वाढवली. भगवान शाळा सोडून कामाला लागला तो एका बोलीवर, की संघू शिकेल. आणि संघू शिकली. दहावीला पास झाली तेव्हा पेढे भगवाननं वाटले, आणि असे वाटले की लोकांना वाटलं हाच पास झाला.

नर्सिंगचं नाव निघालं तेव्हा बायजाबाई मात्र आडवी आली. कारण होतं तिची सासू, मुक्ताबाई. मुक्ताबाई गावात सुईण होती. कुणाच्याही घरी बाळंतीण अडली की मुक्ताबाईला हाक. त्या काळी नाळ कापायचं, वार पुरायची, बाळंतिणीचं धुणं धुवायचं, हे काम गावानं खालच्या आळीच्या बायकांवर टाकलेलं. मूल तिच्या हातात जन्मायचं आणि प्यायला पाणी मागितलं तर तिच्या ओंजळीत वरून ओतायचे. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर, आणि ती गेल्यावर घरभर गोमूत्र. पुढं दीक्षा घेतली, आळीनं गावकीची सगळी कामं टाकली, तेव्हा मुक्ताबाईनंही सुईणपण टाकलं. घरात हे मोठ्या अभिमानानं सांगायचे.

"एका बाईनं ती घाण टाकली," बायजाबाई म्हणाली, "आन तू पोरीला परत तिच्यातच घालतो व्हय रं?"

"आई, आजी मागल्या दारानं जायची," भगवान म्हणाला. "संघू पुढच्या दारानं जाईल, चपला घालून जाईल, आणि घरातली माणसं उठून उभी राहतील. तू बघ."

असं बोलणारा भाऊ नशिबानंच मिळतो. संघमित्रा जिल्ह्याच्या हॉस्पिटलात एएनएमच्या कोर्सला गेली. दीड वर्ष हॉस्टेलला राहिली. शपथेच्या कार्यक्रमाला सगळ्या पोरी हातात दिवे घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा भगवान नवा सफारी शिवून पहिल्या रांगेत बसला होता. ती रांग डॉक्टरांची होती, पण त्याला कुणी उठवलं नाही.

सुट्टीला आली की संघू शिकलेलं सांगायची आणि भगवान जेवता जेवता ऐकायचा. हे नर्सचं काम आधी कुणी करायचंच नाही म्हणे. चांगल्या घरची बाई परक्या माणसाच्या अंगाला हात कसा लावेल? मग विलायतेतल्या एका बाईनं लढाईतल्या जखमी शिपायांची व्यवस्था लावली, धुणं, खाणं, हवा, उजेड, सगळं. तिथून ते शिकून करायचं काम झालं. आपल्याकडं आधी कोण आल्या? मिशनच्या पोरी, विधवा, टाकलेल्या बायका. ज्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांनी हे काम उभं केलं. खेड्यात सुईणी होत्याच, त्यांना सरकारनं पेटी दिली, हात धुवायला शिकवलं. तरी खेडी एवढी आणि नर्सा एवढ्याशा. म्हणून मग कमी वर्षांचा कोर्स काढला आणि नर्स आणि सुईण मिळून एक बाई केली. तीच एएनएम. साधं बाळंतपण करायचं, लस टोचायची, गोळ्या द्यायच्या, आणि जे आपल्या हातातलं नाही ते ओळखून वेळेत पुढं पाठवायचं.

भगवानला यातलं 'नर्स आणि सुईण मिळून एक' एवढं एकदम पटलं. "म्हणजे डबल," तो म्हणाला.

"डबल नाही रे दादा. लोक आमाला अर्धी नर्स म्हणतात."

"कोण म्हणतं? नाव सांग."

नाव तिनं सांगितलं नाही, ते बरं केलं.

कोर्स झाल्यावर ती कोपरखैरण्याला एका नर्सिंग होमात लागली, आणि पुढं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तिची ऑर्डर आली. सकाळी केंद्र, दुपारी वस्त्या. खाणीवरच्या झोपड्यांपासून रबाळ्याच्या चाळींपर्यंत, खांद्याला लशीचा डबा आणि पिशवीत रक्तदाबाचं मशीन. माणसं तिला 'सिस्टर' म्हणायची. भगवान ते ऐकायला कधी कधी मुद्दाम तिच्या वाटेवर उभा राहायचा.

शहाण्णव साली भगवानची बायको उज्वला पोटुशी राहिली, आणि इथून गोष्ट सुरू होते.

उज्वलाचं माहेर परभणीकडं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी सांगायला लागत नाही. सातव्या महिन्यात आई न्यायला येते, पोरगी जाते, सव्वा महिन्यानं लेकरू घेऊन परत येते. उज्वलाची आई गिरजाबाई ठरल्याप्रमाणं न्यायला आली, डिंकाचे लाडू घेऊन. आणि भगवाननं तिला चहा दिल्या दिल्या सांगितलं, "मामी, उज्वला जाणार नाही. बाळंतपण इथंच. घरात नर्स असताना पोरगी खेड्यात कशाला पाठवायची?"

गिरजाबाईनं कप खाली ठेवला. "जावईबापू, आमच्याकडं काय बाया बाळंत होत नाहीत?"

"होतात. पण माझी बहीण तिथं नाही ना."

"माहेरपण असतंय पोरीचं. लोक म्हणतील, आईला पहिलं बाळंतपण जड झालं."

"लोकांना माझं नाव सांगा. म्हणावं भगवाननं शब्द दिलाय. संघू स्वतःच्या हातानं करेल, या घरात. उज्वलाच्या केसाला धक्का लागला तर मला विचारा."

संघमित्रा तिथंच होती. ती म्हणाली, "दादा, सगळं नॉर्मल राहिलं तर बघू." यातलं 'बघू' भगवाननं घेतलं, बाकीचं गिरजाबाईच्या बोलण्यात वाहून गेलं. लाडू ठेवून, लेकीच्या गालावरून हात फिरवून गिरजाबाई गेली. जाताना बायजाबाईला दारात म्हणाली, "विहीणबाई, आमची लेक तुमच्या लेकाच्या शब्दावर ठिवून चालले. शब्दाला हातपाय असत्यात का बघू."

मग भगवाननं तयारी काढली. खोलीला चुना मारला. कोपऱ्यात खाटेभोवती पडदा लावला. कंपनीतून गाळलेल्या पाण्याचे कॅन आणले. नवीन स्टीलचा ट्रे, नवीन पातेलं. गोटीरामच्या चहाच्या टपरीवर रोज बातमी. गोटीराम म्हणायचा, "भगवान, तुझं पोरगं यायच्या आधीच माझ्या टपरीवर मोठं झालं." कंपनीतला सदू म्हणाला, "तिकीट लावणार का बघायला?" भगवान हसायचा, पण थांबायचा नाही.

आठव्यात उज्वलाचे पाय सुजले. शेजारच्या बायका म्हणाल्या, सुजतातच, पोरगा असणार. संघमित्रानं मीठ कमी करायला लावलं आणि दर दोन-चार दिवसांनी रक्तदाब बघायला लागली. आकडा हळूहळू चढत होता. तिनं एकदा भगवानला सांगितलं, आपण वाशीच्या हॉस्पिटलात नाव घालून ठेवू. भगवान म्हणाला, घाल, कागद असलेला बरा. पण जायचं कुणाला होतं?

नववा भरत आला होता. भगवान फर्स्ट शिफ्ट करून तीनच्या पुढं घरी आला तर उज्वला खाटेवर पडलेली, कपाळावर ओला फडका. हातातल्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. संघमित्रा फिरतीवरून नुकतीच आली होती, साडीचा पदर खोचलेला, कानात नळ्या घालून रक्तदाब बघत होती. तिनं पट्टा सोडला, परत भरला, परत बघितलं.

"डोळ्यापुढं काय दिसतं का, वहिनी?"

"सकाळधरनं चमचम व्हतंय," उज्वला म्हणाली. "काजवे असल्यावानी."

संघमित्रानं पट्टा गुंडाळून ठेवला. तिनं उज्वलाला मोरीत नेऊन एका बाटलीत लघवी घ्यायला लावली. पिशवीतून काचेची नळी काढली, तिच्यात ती ओतली, स्टोव्ह पेटवला आणि चिमट्यात धरून नळीचं वरचं टोक आचेवर धरलं.

बायजाबाई ओरडलीच. "अगं ए, सैपाकाचा स्टोव हाय त्यो."

"माहीत आहे, आई. स्पिरिटचा दिवा केंद्रावर आहे, आता आणायला वेळ नाही."

भगवान बघत होता. नळीतलं पिवळं पाणी तापलं, आणि वरच्या अंगाला पांढरं झालं, दूध फाटल्यासारखं. संघमित्रानं पिशवीतल्या छोट्या बाटलीतून आंबट वासाचे दोन-तीन थेंब टाकले. पांढरं तसंच राहिलं, उलट घट्ट झालं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कंपनीत रिॲक्टरमध्ये माल फाटला की काय होतं ते त्याला कळत होतं. माल फाटला की परत जुळत नाही.

"दादा, रिक्षा बघ. वाशीला न्यायचं."

"कशाला? कळा कुठं आल्यात अजून."

"लघवीत प्रथिन उतरलंय, रक्तदाब चढलाय. कळांच्या आधी झटका येईल. हे माझ्या हातातलं नाही."

आता भगवानच्या डोळ्यापुढं काय उभं राहिलं असेल? चुना मारलेली खोली, पडदा, गोटीरामची टपरी, सदू, आणि सगळ्यांच्या मागं गिरजाबाई. पाहुण्यांना शब्द दिला होता. पोरीला माहेरी जाऊ दिलं नव्हतं. आणि आता अख्ख्या वस्तीसमोर बायकोला रिक्षात घालून हॉस्पिटलात?

"संघू, तू किती बाळंतपणं केलीस ग?"

"केलीत."

"मग ही करायला काय होतंय? इंजेक्शन दे, गोळी दे. काय लागतं ते मी आणतो, पैशाला बघत नाही."

"ते इंजेक्शन मी घरात देऊ शकत नाही. डॉक्टर लागतो, सिझर करायची सोय लागते, रक्त लागतं."

"मग दीड वर्ष शिकलीस काय तू?"

"हेच शिकले," संघमित्रा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "कुठं थांबायचं हेच शिकवतात आमाला. बाकीचं पुस्तकात असतं."

"माझ्या शब्दाचं काय? गिरजामामीला काय तोंड दाखवू?"

"वहिनी राहिली तर दाखवशील."

असं त्याच्या तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. सुपरवायझर नाही, युनियनवाले नाहीत. भगवान उंबऱ्यात उभा राहिला. तो अडवत होता की विचार करत होता, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. पण दार एक होतं आणि त्यात तो होता.

तेव्हा बायजाबाई भिंतीकडून उठली.

"भगवान, बाजूला हो."

"आई, तू मधी पडू नको. आजीनं अख्खं गाव बाळंत केलं, तिला कुठं लागला डॉक्टर?"

"लागला व्हता," बायजाबाई म्हणाली. "गावातल्याच एका थोरल्या घरची सून. अशीच सुजलेली, असंच डोळ्यापुढं चमकायचं. तुज्या आजीला कळलं की हे आपलं काम न्हाई. मालकाला म्हनली, गाडी जुंपा, तालुक्याला न्या. त्यो म्हनला, सुईनीनं सुईनीचं काम करावं, गाडी कवा जुंपायची ते आमी बघू. झटके आले. आजी तिच्या दातात चमचा धरून बसली. पोरगी गेली, प्वॉरबी गेलं. आन बोल कुनावर आला? आजीवर. त्या दिसापासनं तिनं कुनाच्या बाळंतिनीला हात लावला न्हाई. दीक्षा त्याच्या म्हागनं झाली."

स्टोव्ह अजून पेटलेलाच होता. संघमित्रानं तो बंद केला.

"तिचं कुनी ऐकलं न्हाई," बायजाबाई म्हणाली. "हिचं तूबी ऐकू नको. मंग म्हन घरात नर्स हाय."

भगवान दारातून बाजूला झाला आणि पायात एकच चप्पल घालून रिक्षा आणायला पळाला.

वस्तीनं बघितलं ते बघितलं. गोटीराम टपरीतून बाहेर आला, सदूनं विचारलं काय झालं, भगवाननं उत्तर दिलं नाही. भगवाननं उत्तर न देणं हीच मोठी बातमी होती. रिक्षात संघमित्रानं उज्वलाला डाव्या कुशीवर घेतलं, डोकं मांडीवर, आणि झटका आलाच तर म्हणून रुमालाची घडी करून हातात तयार ठेवली. रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डे चुकव, हॉर्न वाजवू नको. एरवी रिक्षावाल्याला रस्ता भगवान सांगायचा. आज तो पुढं अर्ध्या सीटवर लटकला होता.

वाशीच्या हॉस्पिटलात लेबर रूमच्या दारात एक वयस्क सिस्टर होती. केरळची असावी, हिंदी मराठी मिसळून बोलणारी. संघमित्रानं तिला चारच वाक्यं सांगितली. पहिलटकरीण, नववा भरत आलेला. बीपी किती, आणि दोनदा घेतलं ते. लघवीत पांढरं, गरम करून बघितलं. सकाळपासून डोकं आणि डोळ्यापुढं चमक, झटका अजून नाही. त्या सिस्टरनं कोण, कुठली, काही विचारलं नाही. "अच्छा किया," एवढंच म्हणाली, आणि मागं वळून कुणाला तरी हाक मारली. ट्रॉली आली आणि उज्वला आत गेली.

भगवानला पहिल्यांदाच काहीतरी वेगळं दिसलं. या दोन बायांची ओळख नव्हती, भाषा एक नव्हती, पण एकीनं दुसरीच्या हातात माणूस असं दिलं जसं कंपनीत शिफ्ट बदलताना चालू मशीन देतात. बंद न पाडता. त्याच्यासारख्या ऑपरेटरला ते समजत होतं, दुसऱ्या कुणाला समजलं नसतं.

दार लागायला लागलं तसा तो पुढं झाला. "ओ सिस्टर, हिला पण घ्या आत. ही पण नर्स आहे, महापालिकेची."

"रिश्तेदार बाहर," सिस्टर म्हणाली.

"पण ही..."

"दादा, गप," संघमित्रा म्हणाली. "इथं मी नणंद आहे."

आणि ती बाकावर बसली. रुमालाची घडी अजून तिच्या हातातच होती. भगवाननं ते बघितलं आणि कुठंतरी जाऊन दोन चहा घेऊन आला. दोघांनी ते प्यायले. 

आत एक झटका आलाच. पण तो खाटेवर आला, औषध भरलेलं असताना आला, डॉक्टर शेजारी असताना आला. सिझर झालं. मुलगी झाली, वजनाला कमी पण रडायला खणखणीत. उज्वलाला शुद्धीवर यायला वेळ लागला. तोवर भगवान त्या दारासमोर उभाच होता, बसला नाही. लोकांनी बस म्हटलं तरी बसला नाही.

तार मिळाल्यावर गिरजाबाई आली. सरळ वॉर्डात. लेकीला बघितलं, सलाईन बघितली, पोटावरची पट्टी बघितली, नातीला बघितलं. मग बाहेर आली आणि भगवानपुढं उभी राहिली.

"जावईबापू, तुमच्या घरात नर्स व्हती ना?"

"होती, मामी."

"ती करणार व्हती ना सोताच्या हातानं?"

"करणार होती."

"मंग काय केलं तिनं?"

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, देवाची मर्जी, डॉक्टर म्हणाले, असं झालं आणि तसं झालं. भगवान तसला नाही. तो म्हणाला, "तिनं मला नाही म्हटलं."

"तुमाला?"

"मला. तोंडावर. मी दारात उभा होतो."

"आन तुमी ऐकलं?"

"ऐकावं लागलं."

 या जावयाला गिरजाबाईनं लग्नापासून कधी कुणाचं ऐकताना बघितलं नव्हतं. मग ती बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि तिकडून येणाऱ्या संघमित्राला म्हणाली, "ये ग बाई हिकडं. माज्या लेकीला आता तरी मी न्यायची का न्हाई, ते तूच सांग. ह्यांना इचारत न्हाई."

संघमित्रानं सांगितलं, सव्वा महिना नाही. रक्तदाब खाली येईपर्यंत एवढ्या लांबचा प्रवास नको, झटका मागाहूनही येऊ शकतो. नंतर खुशाल न्या, पण तिकडं उपकेंद्रात नर्सबाई असेल तिला आठवड्याला दाखवा, मी चिठ्ठी देते.

"मंग मीच ऱ्हाते हितं," गिरजाबाई म्हणाली. "माहेर हिकडंच आनते."

आणि राहिली. एका खोलीत दोन विहिणी, बाळंतीण, तान्ही आणि संघमित्रा. पडद्यामागच्या त्या खाटेवर उज्वला निजली. भगवानला जागाच उरली नाही. तो सव्वा महिना गोटीरामच्या टपरीच्या फळीवर झोपला, आणि त्याबद्दल त्यानं तक्रार केली नाही, उलट जो येईल त्याला का झोपतोय ते सांगितलं.

सांगायचं मात्र त्यानं बदललं. आधी म्हणायचा, माझी बहीण बाळंतपण करते. आता म्हणतो, बाळंतपण काय, कुणीपण करतं. वाशीला न्यायचं हे दार अडवून उभ्या असलेल्या माणसाला सांगणारी दाखवा. सदू म्हणाला, "दार अडवणारा कोण होता पण?" भगवान म्हणाला, "मीच. म्हणून तर सांगतोय. साधा माणूस असता तर त्यात काय मोठेपणा?"

त्यानंतर वस्तीतल्या पोटुश्या बाया संघमित्रा ड्युटीवरून यायच्या वेळेला दारात यायला लागल्या, रक्तदाब बघायला. काहींचे नवरे सोबत यायचे. एखाद्याला ती सांगायची, हिला वाशीला दाखवा, आणि तो कुरकुर करायचा, एवढं काय झालंय, घरी नाही का होणार? तेव्हा बाहेर खुर्चीवर मुलीला मांडीवर घेऊन बसलेला भगवान त्याला जवळ बोलवायचा.

"बाबा, मुकाट्यानं जा. तिच्याशी मी वाद घातला होता, मी. माझं चाललं नाही. तुझं काय चालणार?"